तिसरा पाइप

कसारा घाटात तापल्यापासून ट्रक मिसिंग मारत, अडखळत चालत होता. आडगाव नाक्यावर भिकन ड्रायव्हरने तो चालूच ठेवून गोरक्ष मिस्त्रीला दाखवला.

गोरक्ष डिझेलचे पाइप एकेक करून ढिले करू लागला. ज्याचा पाइप ढिला केल्यावर इंजिनचा आवाज बदलत नाही, तो सिलिंडर मेलेला. पहिले दोन ढिले करताच आवाज पडला.

"रेडिएटर उघडलं तर वाफ तोंडावर आली," भिकन केबिनमधून सांगत होता. "पण भाजलं नाय. तवापासून अंगाला काही..."

गोरक्षने तिसरा ढिला केला होता. इंजिनचा आवाज तसाच होता. भिकन मात्र उघड्या तोंडाने थांबला होता. पापणीही हलत नव्हती.

गोरक्षने पाइप आवळला.

"...जाणवतच नाय," भिकन म्हणाला.

गोरक्षने पुन्हा ढिला केला, पुन्हा आवळला.

"सापडलं ना, मिस्त्री?" भिकनने किल्लीला हात घातला. "मग करतो बंद."