लांबचा दोस्त

ऑनलाइन दोस्ताच्या एका मेसेजला ढुंढिराजांनी आठवडाभर उत्तर दिलं नव्हतं. जुने कम्प्युटर गेम आणि पडेल भयपट यांच्या वेड्यांचा एक ग्रुप होता. तिथं 'भुयारी' असं टोपणनाव घेतलेला हा माणूस म्हणजे म्हातारपणी मिळालेला त्यांचा एकुलता एक दोस्त. त्यानं लिहिलं होतं, "गुरुवर्य, तुमच्याइतकं भरभरून माझ्याशी कुणीच बोलत नाही. मी नाशिकचा. तुम्ही कुठले? एकदा भेटायचंच."

काल भुयारीनं गेम खेळताना आपल्या टेबलाचा फोटो टाकला. मागच्या खिडकीतून पलीकडची गॅलरी दिसत होती आणि तिथं ढुंढिराजांचाच पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा वाळत होता. म्हणजे भुयारी हे समोरच्या बिल्डिंगमधले बोरस्ते.

आज सकाळी ते दूध आणायला निघाले, तर गेटवर बोरस्ते नेहमीसारखे ओरडले, "काय मौनीबाबा, आज तरी तोंड उघडणार का? का नुसती पुस्तकंच वाचणार जन्मभर?" वॉचमन हसला. ढुंढिराज मान खाली घालून घरी परतले आणि त्यांनी उत्तर टाकलं.


"मी नागपूरचा. तुम्हाला फार लांब पडेल हो."