म्यानाची निवड

"कमरेला उभं बांधू की आडवं?" नव्या सुऱ्याचं म्यान हातात धरून मी विचारलं.

सासऱ्यांना आता माडावर चढवत नव्हतं. ज्याला झेपेल त्याच्या हाती बाग देणार, असं ते म्हणाले होते. म्हणून मी शहरातली नोकरी सोडून, हातभर लांब सुरा घेऊन कोकणात हजर झालो.

उभं बांधलं तर वाकताना बरगडीत टोचायचं. आडवं बांधलं तर दारात अडकायचो. पाठीवर टाकलं तर हात पोचायचा, सुरा निघायचा नाही.

"पाठीवरच शोभतं हो," सासूबाई म्हणाल्या. "फोटो काढून घ्या."

तोवर बायको ओढणीत कोयता खोचून दोन माडांचे नारळ पाडून आलीसुद्धा.

सासऱ्यांनी स्वतःच्या कमरेची आकडी सोडली. कोयता मागे अडकवायचं ते लाकूड त्यांच्या वडिलांचं होतं. मी सदरा सारखा करून पुढे झालो. ते मला वळसा घालून गेले. "ये गो बाय," म्हणत त्यांनी ती लेकीच्या कमरेला बांधली आणि गाठ पुन्हा एकदा ओढून बघितली.

"जावईबापू, तुमचं सावकाश ठरू दे. तोवर खालचे नारळ वेचा. त्याला म्यान लागत नाही."