दुपारची तपासणी

धम्मानंदच्या उजव्या डोळ्याच्या नसेभोवती गाठ वाढली होती. रेडिएशनचे अठ्ठावीस शेक घेतल्यावर ती वाढायची थांबली, पण त्या डोळ्यापुढचा अंधार काही हटेना. पेडगावला घरी आल्यापासून त्याची बायको सगुणा रोज दुपारी त्याचा चांगला डोळा तळहाताने झाकून समोर बोटं धरायची.

"किती हायत, सांगा बरं."

"काईच दिसंना."

विसाव्या दिवशी तो हसला. "तीन."

बरोबर होतं. सगुणाला रडू आवरेना.

"आन् तुझ्या खांद्यावर हात कुणाचा हाय गं? लय बारका हाय."

घरात दोघंच होती. त्यांना मूलबाळ नव्हतं.

सगुणाने मागे वळून पाहिलं नाही. तिने हळूच हात खांद्याकडे नेला, आणि एका कोवळ्या, उबदार मुठीने तिचा अंगठा धरला.