भारचाचणी

"जरा डावीकडे घ्या जावईबापू. फ्रिज बरोबर गर्डरवर आला पाहिजे," पूलकाका खालून म्हणाले.

जावईबापू बागेतल्या नव्या शेडच्या सपाट छपरावर उभे होते. त्यांनी एका हाताने कंबर धरली आणि दुसऱ्याने फ्रिज ढकलला. जावयाला मान असतो म्हणतात. असेल बुवा, पण दुसऱ्या घरी.

पूलकाकांचा जन्म पूल तपासण्यात गेला. नव्या पुलावर आधी भरलेले ट्रक उभे करायचे, पूल दबला नाही तरच माणसं सोडायची, हा त्यांचा धर्म. निवृत्त झाले, बागेचं वेड लागलं आणि काकूंच्या नशिबी फावडी आली. पलंगाखाली कुदळी, आरशापुढे झारी, उशाशी गवत कापायचं यंत्र. काकूंना कूस बदलायची तर आधी त्याचा दांडा बाजूला करावा लागे. शेवटी त्यांनी सांगून टाकलं, "एक तर ही अवजारं या खोलीतून जातील, नाही तर मी बहिणीकडे जाईन. कायमची."

बायको जाते म्हटल्यावर माणूस हलला. खरं तर चार पत्र्यांत काम भागलं असतं. पण काकांनी छातीइतका पाया खणला, लोखंडी गर्डर टाकले, भिंती अशा बांधल्या की हत्तीने अंग घासलं तरी टवका उडू नये. शेड पुरी झाली त्या सकाळी काकू फावडं उचलून निघाल्या, तर हे दारात आडवे.

"चाचणीआधी आत काही नाही. आधी भार."

भार आणणार कुठून? घरातून. डबे गेले, कपाटं गेली, सोफा गेला, गाद्यांसकट पलंग गेला. अवजारांना मात्र कोणी हात लावायचा नव्हता, कारण ती चाचणीनंतर आत जायची होती. दुपार कलली तेव्हा सगळा संसार छपरावर होता आणि घरात फक्त फावडी. शेड केसभरही दबली नव्हती. काकांना भरून आलं.

"झालं ना? उतरवू या आता," जावईबापू काकुळतीला येऊन म्हणाले.

"छे. भार निदान एक पावसाळा राहायला हवा. घाईत पास केलेले पूल पाहिलेत मी."

जावईबापू होते तिथेच मटकन बसले. काकू मात्र घरात डोकावल्या, परत आल्या आणि थेट शेडमध्ये शिरल्या. काका बघतच राहिले. आत करकरीत फरशी, हवेशीर खिडकी, आणि अवजार म्हणून औषधालाही नाही. काकूंनी पदर अंथरला, आडव्या झाल्या, या कुशीवरून त्या कुशीवर वळून पाहिलं. मग उठून आतून कडी घातली.

काकांनी दार वाजवलं. "अगं, हे काय? बाहेर ये."

"बहिणीकडेच जाणार होते हो मी," आतून काकूंचा आवाज आला, कितीतरी दिवसांनी इतका निवांत. "पण तिचं घर काही एवढं मजबूत नाही."

काकांना खरं तर राग यायला हवा होता. पण जन्मभर दुसऱ्यांची कामं तपासणाऱ्या माणसाचं स्वतःचं काम आज पहिल्यांदाच कोणीतरी पास केलं होतं.