तिसरं वर्तुळ

संगणकाने भूकंपाची जागा केव्हाच सांगितली होती, पण हाताने पडताळल्याशिवाय वासंतीचं समाधान होत नसे. आलेखावरची भूकंपाची पहिली आणि दुसरी लाट यांतले सेकंद मोजून तिने प्रत्येक केंद्रापासून धक्क्याचं अंतर काढलं, कंपास उघडला आणि नकाशावर दोन मापन केंद्रांभोवती वर्तुळं ओढली. तिसऱ्या केंद्राचं वर्तुळ त्या दोन्हींना नेमकं धरणाच्या निळ्या पाण्यात भेटलं.

लाटेची उंची आणि अंतर यांवरून रिश्टरचा आकडा आला दोन पूर्णांक सहा. आता नोंदीत जवळच्या गावाचं नाव लिहायचं. यादीत होतं काठावरचं पिंपळोशी. पेन टेकवून ती थांबली. वर्तुळं भेटली त्या पेन्सिलीच्या खुणेखाली, धरणाच्या तळाशी, वेळशिंगे होतं, तिच्या वडिलांचं गाव. ते पाण्यात गेलं तेव्हा तात्या बारा वर्षांचे होते.

फोन वाजला. प्रत्येक धक्क्यानंतर तात्यांचा यायचाच.

"अगं, मांडणीवरची भांडी वाजली. कुठं झाला?"

इतकी वर्षं ती काठावरचंच नाव सांगत आली होती. उगाच तात्यांच्या जिवाला घोर कशाला? आज मात्र खुणेवर बोट ठेवून ती म्हणाली, "वेळशिंग्यात, तात्या. तुमच्या देवळाच्या आसपास."

 

मग तात्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "कुणाला लागलं-बिगलं नाही ना गं?"