अख्खं मैदान

शाळेच्या फुटबॉल संघात तिच्याइतकं जोरात कुणीच पळत नसे, म्हणून सरांनी तिचं नावच 'सुसाट' ठेवलं होतं. पण सामन्यात बॉल पायाशी आला आणि समोर अर्धं मैदान मोकळं दिसलं, की ही बया थबकायची आणि बॉल दुसरीला देऊन टाकायची.

"अगं, मोकळं रान होतं समोर! घाबरतेस कुणाला?" सर करवादले. ती बुटाच्या नाडीशी चाळा करत राहिली.

संध्याकाळी सर तिच्या घरी तक्रार घेऊन गेले. दोन खोल्यांत नऊ माणसं. आजोबा कॉटवर आडवे, काका पाय पसरून बसलेले, भावंडं जमिनीवर दाटीवाटीनं. त्यातून ही 'सुसाट' पाणी घेऊन आली, भिंतीला लागून, अंग चोरत, कुणालाही धक्का न लावता. सरांनी तक्रार पाण्याबरोबर गिळून टाकली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाकीच्या मुलींना मैदानाबाहेर बसवलं. "आज अख्खं मैदान तुझं एकटीचं. पळ!"

ती पळाली. बॉल पायाला चिकटल्यासारखा, वारा मागे पडावा अशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कडेच्या पांढऱ्या रेषेला लागून, अंग चोरत.