मधल्या समुद्रातलं पाखरू

जहाजानं हज करून आलेल्या फकरोद्दीन आणि अनवरीला भेटायला निम्मं कुंभार पिंपळगाव अंगणात जमलं होतं. अनवरी मात्र मक्केहून आणलेलं जमजमचं पाणी वाटता वाटता, जाताना समुद्रात दिसलेल्या एका पाखराचंच सांगत होती. पांढरंशुभ्र, पंखांची टोकं तेवढी काळी. उंचावरून दगडासारखं समुद्रात पडायचं आणि मासा घेऊनच वर यायचं.

"खंड्या असंल," शेजारचा धर्मराज म्हणाला. गोदावरीकाठचं प्रत्येक पाखरू तो ओळखायचा.

"खंड्या मुठीएवढा, भाऊ. हे बगळ्याहून थोर."

"मंग पाणकावळा."

"पाणकावळा कधी पांढरा असतो का?"

धर्मराज हसला. "भाभी, मधल्या समुद्रात जमीन न्हाई, झाड न्हाई. पाखरू बसंल कुठं? जहाजावर डोकं गरगरतं. नजरेला धोका झाला असंल."

सगळेच हसले. अनवरीनं हातातला लोटा खाली ठेवला.

"म्या बी पाह्यलं की," फकरोद्दीन म्हणाला. "बराबर तसंच होतं."

दोघांच्या नजरेला एकदमच धोका कसा होईल? हजहून आलेला माणूस खोटं बोलत नसतो.

"मंग ते आपल्याकडचं न्हाई. समुद्राचंच असंल," धर्मराजनं मान्य केलं.

माणसं गेल्यावर अनवरी नवऱ्याकडे वळली. "तुम्ही तर जाताना जेद्दा बंदर येईपर्यंत ओकत पडले होते. माझ्या मांडीवरून मुंडकं उचललं न्हाई. हाजी होऊन खोटं बोलले?"

"खोटं कसं? आपल्या दोघांत मिळून उघडे डोळे तुझेच होते की."